वीस मिनिटं वजा

मंजुश्री बिरादारला पुढं लावलेल्या घड्याळांचा मनस्वी राग. राग कुणाला कशाचा येत नाही? पण हिचा राग रोज सकाळी नव्यानं उगवायचा, कारण घड्याळ रोज सकाळी समोरच असायचं. सासरच्या बैठकीत, दाराच्या वर, हिरव्या चौकटीचं, आणि वीस मिनिटं पुढं. घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक. तरी सगळे त्याच्याकडं बघून आधी दचकायचे, मग मनात वीस वजा करायचे आणि मग निवांत चहा प्यायचे. लग्न होऊन कमलनगरला आली त्याच आठवड्यात तिनं नवऱ्याला विचारलं होतं, की मग पुढं ठेवून मिळवलं काय? धनराज म्हणाला, "काय न्हाई. सवय हाय." आता या उत्तरावर माणसानं काय बोलावं?

ही सवय सासऱ्यांची. अंकुशराव तरुणपणी साखर कारखान्यातल्या नोकरीच्या मुलाखतीला निघाले आणि स्टँडवर पोचले तेव्हा गाडीची नुसती धूळ राहिली होती. घरी येऊन त्यांनी घड्याळाचे काटे पुढं सरकवले आणि मग जन्मभर शेती केली. ते वारले, पण सेल बदलला की सासूबाई, चंद्रभागाबाई, शेजारच्या पोरीकडून वेळ विचारून घ्यायच्या आणि आठवणीनं वीस मिनिटं पुढं लावायच्या. मंजुश्री दर वेळी म्हणायची, "आत्याबाई, भिंतीवर खोटं लावून कामून ठेवायलात?" आत्याबाई ऐकून घ्यायच्या. ऐकून घेणं आणि काहीच न करणं यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं.

बरं, एवढा राग राग करून ही बाई स्वतः काय करायची? तीही वजाच करायची. रोज. आणि त्याचा तिला अभिमान होता. अख्खं गाव फसलं तरी आपण फसत नाही, असा तिचा हिशोब. बँकेतलं घड्याळ, दवाखान्यातलं घड्याळ, नातेवाइकांकडचं घड्याळ, कशावरच तिचा विश्वास नव्हता. बघायचं आणि वजा करायचं. डोळा आणि डोकं यांच्यामध्ये हे काम इतकं मुकाट चालायचं, की ते आपण करतोय हेसुद्धा तिला कळेनासं झालं होतं.

गावातल्या डिग्री कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची. कायम नाही, वर्षावर्षाच्या नेमणुकीवर. सोबत कलबुर्गीला वीरण्णा सरांच्या हाताखाली पीएचडी चालू होती. चालू होती म्हणजे रखडली होती. विषय होता एका ताऱ्याची धडधड. व्याधाच्या खाली डावीकडं एक मध्यम तेजाचा तारा आहे. तो फुगतो आणि बसतो, साधारण सव्वातीन-साडेतीन तासांत एकदा. डोळ्यांनी पाहिलं तर काही दिसत नाही. पण त्याचा उजेड लोलकासारख्या यंत्रातून पसरवला की रंगांची पट्टी पडते आणि त्या पट्टीत बारीक काळ्या रेषा असतात. तारा फुगताना त्याची आपल्याकडची बाजू आपल्या दिशेनं येते आणि त्या रेषा जांभळ्या अंगाला किंचित सरकतात. तो बसायला लागला की तांबड्या अंगाला. किंचित म्हणजे किती? केस जाडा म्हणावा इतकं किंचित. शेजारी दिव्याच्या ठरलेल्या रेषा ठेवून मोजायचं, पृथ्वी स्वतः पळते तेवढं त्यातून वजा करायचं, आणि उरेल ते ताऱ्याचं. मग वेळेसमोर ते सरकणं मांडत गेलं की वर-खाली जाणारी लाट दिसते.

हे तिनं एकदा चुलीपाशी बसून चंद्रभागाबाईंना सांगितलं होतं. बाईंनी तव्यावरची ज्वारीची भाकरी विस्तवावर टाकली, ती टम्म फुगली, मग बसली. "आशी?" त्यांनी विचारलं. मंजुश्री म्हणाली, व्हय, अगदी अशी. "मग त्यात मोजायचं काय एवढं?" असं म्हणून त्यांनी दुसरी भाकरी थापायला घेतली. तरी सांगते, गावात त्यातल्या त्यात समजूतदार प्रश्न हाच होता. बाकीच्यांनी एकतर पोरीची पत्रिका पुढं केली, नाहीतर पाऊस कधी पडेल ते विचारलं. कॉलेजच्या एका सहकाऱ्यानं तर साडेसातीवर काही करता येतं का, म्हणून तिला चहा पाजला होता.

कॉलेजच्या गच्चीवर एक खोली होती. कधीकाळी आलेली दुर्बीण तिथं फडक्यात गुंडाळून पडली होती, ती तिनं उघडली. वर्णपटाचं यंत्र वीरण्णा सरांनी दिलं. कॉम्प्युटर मिळाला तो कुठल्यातरी ऑफिसातून उतरवलेला. त्याचा आतला सेल मेलेला, त्यामुळं लाईट गेली की तो तारीख-वेळ विसरायचा आणि लाईट तर जायचीच. खोलीत इंटरनेट नाही. मोबाईलवरून वेळ घेता आली असती, पण अटेंडर बुद्धरत्नचा मोबाईल एकदा मोजणीच्या मधोमध उजळला, सगळी पट्टी पांढरीफटक झाली, आणि त्या दिवसापासून मंजुश्रीनं मोबाईल खालच्या मजल्यावर ठेवायचा कायदा केला. स्वतःसकट सगळ्यांचा. मग वेळ कुठून घ्यायची? भिंतीवरच्या घड्याळातून. ते घड्याळ धनराजच्या दुकानातलं. पाइपच्या कंपनीनं दिलेलं, आणि त्यानं घरच्यासारखंच वीस मिनिटं पुढं लावून पाठवलेलं. हे बघून ती त्याच्यावर दोन दिवस धुसफुसली. "तारा बी गाडीनं जायलाय का?" असंही म्हणाली. बुद्धरत्नला म्हणाली, भिंतीवर असं खोटं लावू नये. मग लाईट आली, तिनं घड्याळाकडं पाहिलं, वीस वजा केले आणि कॉम्प्युटरला वेळ दिली. पहिलं वर्ष असं गेलं. माघ-फाल्गुनात दिवेलागणीनंतर ती आणि बुद्धरत्न गच्चीवर जायचे, आणि लाट अशी देखणी आली, की वीरण्णा सरांनी फोनवर चक्क शाबासकी दिली.

दुसऱ्या वर्षी घोळ झाला. म्हणजे तेव्हा तो घोळ वाटला नाही, भाग्य वाटलं. तारा लवकर यायला लागला. मागच्या वर्षीच्या लाटेवरून जिथं रेषा सगळ्यात जास्त सरकायला हवी, त्याच्या आधीच ती सरकलेली असायची. एक दिवस नव्हे, रोज. कधी एकोणीस मिनिटं, कधी बावीस. ताऱ्याच्या धडधडीची चाल बदलली होती. अशा गोष्टी होतात, पण त्या दिसायला वर्षानुवर्षं जातात, आणि हिला कमलनगरच्या गच्चीवरून एका वर्षात दिसली होती. ती घरभर नाचायची तेवढी राहिली. वीरण्णा सरांनी मात्र फोनवर कानडीत हळूच विचारलं, "घड्याळ तपासलंस का, अम्मा?"

मंजुश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घड्याळ? तिला? अख्ख्या तालुक्यात घड्याळांवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवणारी एकटी बाई, आणि तिला हे विचारतात! "सर, घड्याळाचं मला विचारू नका," ती म्हणाली, आणि सरांनी पुन्हा विचारलं नाही.

आता हे नीट ध्यानात घ्या, कारण सगळं इथंच अडकलं होतं. तिच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. एप्रिलमधल्या एका सकाळी कलबुर्गीला कमिटीसमोर उभं राहून तिला काम मांडायचं होतं. कमिटीला पटलं तर प्रबंध, नाही पटलं तर इतक्या वर्षांवर पाणी. आणि पीएचडी झाली नाही, तर पुढच्या वर्षी कॉलेज दुसऱ्या कुणाला बोलावणार हे उघड होतं. लवकर येणारा तारा हा तिचा हुकमी पत्ता होता. त्याच्याशिवाय उरत होतं ते पुस्तकात आधीच असलेलं मोजमाप, आणि वेळ घालवल्याचा हिशोब.

त्या सकाळी ती वेळेत उठली. रात्री लाईट गेली होती, त्यामुळं मोबाईल चार्जिंगलाच मेलेला. काही बिघडलं नाही, घड्याळ होतं. उदगीरहून येणारी कलबुर्गीची गाडी सहाला स्टँडवर लागते. तिनं बैठकीतल्या घड्याळाकडं पाहिलं, पावणेसहा होत होते, म्हणजे अजून साडेपाच वाजायचेत. तिनं केस पुन्हा विंचरले. कागद पुन्हा लावले. चंद्रभागाबाई दारात उभ्या राहून दोनदा म्हणाल्या, "मंजू, निघ की गं." तिनं हात हलवून उडवून लावलं. या घरात कुणी घाई करतं तीही खोटीच, असं मनात आलं. घड्याळात सहा वाजून गेल्यावर ती निघाली, ऐटीत, चालत.

स्टँडवर गाडी नव्हती. पानटपरीवाला म्हणाला, "गेली की अक्का. आज तर टायमात गेली." तिनं त्याला टायमाचा अर्थ समजावून सांगायला तोंड उघडलं, आणि मग त्याच्या टपरीतला रेडिओ सहाच्या बातम्या संपवत असलेला तिला ऐकू आला. ती तशीच उलटी घराकडं पळाली.

"घड्याळाला काय झालं?" ती दारातूनच ओरडली.

चंद्रभागाबाई ओट्यावर बसल्या होत्या. "काय व्हायचं? काल सांजच्याला मिळवून ठेवलं."

"मिळवून म्हणजे?"

"बरोबर करून. वीस मिनिटं मागं घेतली. धनराजकडून करून घेतलं."

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तूच की. सात वरसं झाली सांगायलीस." बाई तिच्याकडं बघत राहिल्या. आवाज चढवला नाही. "तुझं एवढं मोठं काम. म्हणलं आजच्या दिवशी तरी पोरीला भिंतीकडं बघून चीड येऊ नये."

राग एवढा मोठा आणि तो ठेवायला जागाच नाही, अशी मंजुश्रीची गत झाली. धनराजनं मोटारसायकल काढली, भालकीला गाठू म्हणाला, तिथून हुमनाबादच्या पुष्कळ गाड्या मिळतात. ती मागं बसली आणि मनातल्या मनात सगळ्या घराला शिव्या देत राहिली. सात वर्षं कानीकपाळी ओरडले तेव्हा कुणी ऐकलं नाही, आणि ऐकलं ते नेमकं आज. ऐकलं तर ऐकलं, सांगायला काय झालं होतं? निदान सांगायचं तरी. मी काय करणार, मी आपली नेहमीसारखी वीस वजा...

गाडी कॉलेजसमोरून जात होती. तिनं धनराजच्या खांद्यावर इतक्या जोरात हात मारला, की त्याला वाटलं पदर चाकात अडकला.

बुद्धरत्न फाटकाला पाणी मारत होता. ती गाडीवरून उतरलीसुद्धा नाही. "वरचं घड्याळ तू कधी मिळवलंस का रे?"

बुद्धरत्नचा चेहरा खुलला. "व्हय मॅडम. दिवाळीच्या टायमाला, नवा सेल टाकला तवा. तुम्ही म्हणला व्हता ना, खोटं लावू नये. तवापासून एकदम बरोबर हाय."

"मला सांगितलं न्हाईस."

"तुम्ही रोज बघताच की त्याच्याकडं," तो म्हणाला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

भालकीपर्यंतच्या रस्त्यावर धनराज दोनदा काहीतरी बोलला, ते तिला ऐकू आलं नाही. वीस मिनिटं. ताऱ्याला वीसच मिनिटं कशी सापडली? अंकुशरावांनी काटे पुढं केले ते त्याला कुणी सांगितलं? एकोणीस आणि बावीस यांची सरासरी काढताना तिला एकदाही हसू आलं नव्हतं. घड्याळ बरोबर, तारा बरोबर, अख्खं जग बरोबर चाललं होतं, आणि मधे ही एकटी बसून सगळ्यांतून वीस वजा करत होती. तिला रडू आलं ते वाऱ्यानं पुसून टाकलं, आणि हुमनाबादच्या गाडीत बसेपर्यंत फक्त चीड राहिली, तीही पहिल्यांदाच स्वतःची.

आता एक मोह असतो, तो तिलाही झाला. हुमनाबाद ते कलबुर्गी हा रस्ता मोह व्हायला भरपूर लांब आहे. कमिटीला काय कळणार होतं? बुद्धरत्न काही कलबुर्गीला येऊन सांगणार नव्हता. लवकर येणारा तारा मांडायचा, प्रबंध द्यायचा, आणि पुढं कुणी मोजून नाही म्हणालं तर म्हणो, तोवर नेमणूक पक्की झालेली असेल. खिडकीतून तुरीची मोकळी रानं मागं जात होती आणि ती हा विचार उलटापालटा करत होती. पण तो तारा रोज संध्याकाळी वर येणार होता आणि तिला त्याच्याकडं बघावं लागणार होतं, हे काही तिला जमेना. तिनं मांडीवर कागद पसरले, दुसऱ्या वर्षीच्या प्रत्येक वेळेत पेनानं वीस मिळवायला सुरुवात केली आणि लाट पुन्हा काढली. गाडीच्या धक्क्यांनी रेघ वाकडी येत होती. तरी दिसायचं ते दिसलं. दोन वर्षांच्या लाटा एकमेकींवर जाऊन बसल्या, एकीखाली दुसरी झाकून जावी अशा.

कलबुर्गीला धापा टाकत पोचली तर कमिटी अजून बसलेलीच नव्हती. दोघं चहाला गेलेले, तिसरे वाटेत. ज्यांच्या वेळेसाठी तिनं सकाळपासून जीव टाकला, त्यांना वेळेचं काही पडलेलं नव्हतं. आणखी कुठल्या दिवशी तिनं या गोष्टीवर तासभर बडबड केली असती. आज ती वीरण्णा सरांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, घड्याळ तपासलं."

सरांनी वाकड्या रेघांचा कागद बराच वेळ पाहिला. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. कमिटीसमोर तिनं जे झालं ते सगळं सांगितलं, घराच्या घड्याळासकट. एका सभासदानं स्पष्टच विचारलं, की मग यात नवीन काय राहिलं? ती म्हणाली, "काही नाही, सर. तारा पुस्तकात आहे तसाच आहे." दुसऱ्या एक सभासद बाई म्हणाल्या, की एवढ्याशा दुर्बिणीनं, रेषेच्या इतक्या बारीक सरकण्यावरून वीस मिनिटांची चूक पकडता येते, हे तरी लिहा. बराच वाद झाला. शेवटी एक वर्ष वाढवून मिळालं, पुढचा हंगाम नव्यानं मोजायचा, आणि ही मुदत शेवटची. कॉलेजच्या नेमणुकीबद्दल कुणीच काही बोललं नाही, कारण ते त्यांच्या हातात नव्हतंच.

घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. चप्पल काढताना नेहमीप्रमाणं तिची नजर दारावर गेली. मग ती थांबली, कारण आता वीस वजा करायचे की नाही तेच तिला कळेना. चंद्रभागाबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"पुन्यांदा पुढं लावून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळं तुझी गाडी चुकली. तुझ्या मामांची बी चुकली व्हती, मुलाखतीला जाताना. लावताना त्यांनी माझ्याच हातात घड्याळ धरायला दिलं व्हतं, आन् मागं घेताना ते सारखं आठवाया लागलं. तरी म्हणलं, राहू दे, मंजूसाठी करावं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "झालं का तुझं काम?"

मंजुश्री पाटावर बसली. सात वर्षं ती ज्या काट्यांवर चिडत होती, ते या बाईनं कसे मागं घ्यायला लावले असतील, हे तिच्या आत्ता डोक्यात शिरलं. तिला स्वतःची लाज वाटली.

"झालं न्हाई. एक वरीस अजून लागतंय."

"आन् तो तारा? लवकर यायला लागला म्हणलीस ना?"

"न्हाई आत्याबाई. तो टायमावरच हाय. मीच चुकीचं बघायले."

"मग बरं झालं की," चंद्रभागाबाई म्हणाल्या, अगदी साधेपणानं, घरचं कुणी सुखरूप असल्याचा निरोप यावा तशा. "मी म्हणलं त्याला काय झालं का काय."

मंजुश्री हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. बाईंना वाटलं दमली असेल. त्या भाकरी टाकायला उठल्या आणि दारात थांबून त्यांनी विचारलं, "घड्याळाचं काय करू मग? ठेवू का मागं घेऊ?"

"असू द्या तसंच. मामांनी लावलेलं हाय," ती म्हणाली. "कधी बदललात तर मला तेवढं सांगा."